सुट्टी नळी : ओळख, मोल आणि विक्री

धरमपुरीहून एक वाचक लिहितात : सरदार सरोवराच्या बुडितामुळे आमचं जुनं घर रिकामं करावं लागलं. माळ्यावर बंदुकीच्या दोन नळ्या निघाल्या. एक साडेचार फुटांची, दुसरी तीन फुटांच्या आतली. लाकूड नाही, चाप नाही. भंगारवाला किलोच्या भावाने मागतो आहे. द्याव्यात का?

भंगारवाल्याला तूर्त परत पाठवा. ओळख पटवण्याआधी मात्र एक काम करा. सरळ लाकडी काठी नळीच्या तोंडातून अलगद तळापर्यंत जाऊ द्या, तोंडाशी काठीवर खूण करा आणि काठी बाहेर काढून नळीला समांतर धरा. काठीचं टोक बत्ती द्यायच्या छिद्रापर्यंत, म्हणजे कानापर्यंत, पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडेच अडलं, तर आत काहीतरी आहे. ती माती असेल किंवा कोळ्याचं जाळं, पण शंभर वर्षांपूर्वी ठासलेली दारू आणि गोळीही असू शकते. ठासणीच्या बंदुका भरलेल्याच खुंटीला टांगायची चाल होती आणि काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या मरत नाही. अशी नळी तापवू नका, तिला भोक पाडू नका, आत सळई खुपसू नका. पोलिसांना किंवा परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याला बोलवा.

आता ओळख. साडेचार फुटी नळी उलटी करा. खालून गुळगुळीत असेल, लाकडात बसवायच्या अडकण्या किंवा खाचा नसतील आणि उजव्या बाजूला छिद्राशी रंजक (पेटवणीची दारू) ठेवायची छोटी वाटी डागलेली असेल, तर ती देशी तोड्याच्या बंदुकीची. आपले कारागीर नळी दस्त्याला पितळी पट्ट्यांनी, तारेने किंवा चामड्याने बांधत, म्हणून खाली अडकणी लागत नसे. तोंडाशी फुगीर कडं, कमळ किंवा वाघाचं तोंड असेल, तर शंका उरतच नाही. धाकट्या नळीच्या पोटाला भोकं असलेल्या अडकण्या असतील, तर ती विलायती घाटाची. विलायती घाट म्हणजे विलायतेत बनलेली असं मात्र नाही. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉइनने आग्र्याला सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या हाताखाली युरोपीय धर्तीच्या बंदुका घडवून घेतल्या होत्या.

गंज काढायचा मोह आवरा. मऊ फडक्याने हलकं तेल लावा आणि तिरप्या उजेडात धरा. गुंडाळलेल्या पट्टीसारख्या तिरक्या रेघा दिसल्या, तर नळी लोखंड-पोलादाच्या पट्ट्या सळईभोवती वळून, तापवून, ठोकून एकजीव केलेली आहे. या रेघांच्या नक्षीलाच जौहर म्हणतात. पॉलिश पेपर मारून तो ‘चमकवला’ की निम्मं मोल तिथेच जातं. हे वाक्य मी दर पत्रात लिहितो आणि तरीही लोक नळ्या चमकवूनच आणतात.

मोलाची गोष्ट. सुट्ट्या नळीला अख्ख्या बंदुकीची किंमत कधीच येत नाही. तिची किंमत चढते ती सोन्याचांदीच्या कोफ्तगारीने (जडावकामाने), कारागिराच्या शिक्क्याने किंवा एखाद्या संस्थानी शस्त्रागाराच्या खुणेने. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर अशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं आढळतात. तुमच्या धार भागात शिक्क्याहूनही मौल्यवान गोष्ट म्हणजे कागद. धारच्या पवारांच्या पदरी असलेल्या मराठी घरांत मोडीतल्या याद्या, सनदा, दसऱ्याच्या शस्त्रपूजनाचे फोटो अजून निघतात. नळी आणि तिचं नाव घेणारा कागद एकत्र असेल, तर संग्राहक भाव करताना सूर बदलतो. म्हणून माळा रिकामा करताना कागद आधी बाजूला काढा.

आणि कायदा. 1959 च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात, तेव्हा ‘नुसती नळी तर आहे’ हे उत्तर चालत नाही. कलम 45 मध्ये कालबाह्य, पुराणवस्तूच्या मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही, अशा अवस्थेत असेल तरच. तोड्याची नळी अजून धड असेल, तर सूट आपोआप मिळाली असं समजू नका. धार जिल्ह्यात गावठी हत्यारांच्या धाडी वरचेवर पडतात. तिथे कापडात गुंडाळलेली नळी घेऊन बसने जाणं शहाणपणाचं नाही. फोटो आणि मोजमापं घेऊन कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नळी घरीच राहू द्या.

देवासहून : आजोबांची दुनळी बाराबोअर आहे. परवाना त्यांच्याच नावे होता, ते गेल्या वर्षी वारले. नळ्यांच्या पोटाला मुकुट, एकमेकांवर आडवे दोन राजदंड आणि ‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलंय. एक गृहस्थ फक्त नळ्या मागतात.

आधी बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. परवाना आजोबांबरोबर संपला आणि कलम 21 प्रमाणे ती जमा करायला विनाकारण उशीर करून चालत नाही. जमा केली म्हणजे गमावली असं नाही. वारसाला स्वतःचा परवाना काढून ती परत घेता येते किंवा विकता येते. कायदेशीर मालकाने परवाना असलेल्या माणसाला विकायची, तर गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता कलेक्टरला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं.

तुमच्या खुणा बोलक्या आहेत. मुकुट आणि आडवे राजदंड ही बर्मिंगहॅमच्या चाचणीघराची खूण. ते 1813 मध्ये सुरू झालं. ‘नॉट फॉर बॉल’ हा शिक्का साधारण 1875 ते 1887 मधला. नळीचं तोंड आवळलेलं असल्याने छर्रा चालेल, अखंड गोळी नको, असा त्याचा अर्थ. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ असतं, तर बंदूक बेल्जियमच्या लिएजची ठरली असती. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशातून नळीच्या मापाच्या बारा गोळ्या होतात. व्यास साडेअठरा मिलिमीटर. त्या काळच्या नळ्या काळ्या दारूसाठी तपासलेल्या असत. आजचं धूररहित काडतूस त्यात घालून ‘चालते का बघू’ म्हणणाऱ्याला बंदूक हातात देऊ नका.

फक्त नळ्या विकू नका. दुनळीच्या नळ्या त्याच बंदुकीच्या सांध्याला हाताने बसवलेल्या असतात आणि एकच क्रमांक बहुधा बंदुकीच्या सगळ्या मुख्य भागांवर असतो. जोड फोडली की उरलेल्या दस्त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. शिवाय फक्त नळ्यांची घाई असलेल्या माणसाला त्याचा परवाना दाखवायला सांगा. जुना परवाना देवास संस्थानाचा असेल, तर तो थोरल्या पातीचा की धाकट्या पातीचा हे पाहून जपून ठेवा. 1948 पर्यंत दोन्हींचा कारभार वेगळा होता.

इंदूरहून : न्यू जर्सीतल्या मुलाला पणजोबांची तोड्याची नळी पाठवायची आहे.

पाठवता येणार नाही. 1972 च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मुलगा सुट्टीत आला की दाखवा.

धारहून : नळी कापून दिवाणखान्यात दिव्याचा खांब करावा म्हणतो.

नळी आखूड करायलाही परवाना लागतो, त्यासाठी कलम 6 वेगळं आहे. कापलेल्या नळीला संग्राहक हात लावत नाही आणि पोलीस मात्र लावतात. दिव्यासाठी नळाचा पाइप आणा.

पुण्याहून : मांडूला गेलो असता एकाने ‘पेशवेकालीन’ बंदूक दाखवली. खरी कशी ओळखावी?

मोबाइलचा टॉर्च नळीच्या तोंडातून आत मारा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जोडाची रेघ दिसली, तर तो पाण्याचा पाइप. नळीचा बाहेरचा व्यास बुडाशी आणि तोंडाशी सारखाच असेल तरीही संशय घ्या. जुनी नळी बुडाशी जाड असते, कारण दारूचा धक्का तिथे बसतो. कानाचं छिद्र वापराने झिजून रुंद झालेलं असावं. ते ड्रिलने पाडल्यासारखं गोल, स्वच्छ असेल तर पैसे खिशात ठेवा. आणि नळी खरी निघाली, तर आधी विकणाऱ्याकडे तिचे कागद मागा.