कपाटात राहिलेले दाखले

पोफळी आणि आसपासच्या शाळांमधल्या मुलींना दहावी-बारावीनंतरच्या वाटा दाखवायचं काम आमचा एक लहानसा गट करतो. चार-पाच मुलींमागे एक ताई, महिन्यातून एकदा भेट, आणि बारावीनंतरचं पहिलं वर्ष पार पडेपर्यंत ताईनं मुलीचा पिच्छा सोडायचा नाही, एवढंच त्याचं स्वरूप. ताया म्हणजे कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी बँकेतल्या, कुणी नर्स, एक-दोघी वीज खात्यात नोकरी केलेल्या. बरीच वर्षं कुणी हिशेब मागितला नाही. मग एक देणगीदार भेटले. पैसे देतो म्हणाले, पण या सगळ्यानं मुलींच्या आयुष्यात फरक काय पडला ते दाखवा. ते दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते आहे.

१. आधी एकक ठरवा.

पोफळी हे विजेचं गाव. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून इथे उतरतं आणि १९६२ पासून जमिनीखालच्या वीजघरात जनित्रं फिरतायत. पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता ६०० मेगावॉट. अशा गावात बैठक घेतली की एखादा इंजिनियर विचारणारच, "मॅडम, तुमचं आउटपुट कशात मोजायचं?" आम्ही बैठका मोजत होतो, हजेरी मोजत होतो, वाटलेल्या पुस्तिका मोजत होतो. हे सगळं आम्ही काय केलं त्याचं मोजमाप झालं. मुलीचं काय झालं ते त्यात कुठेच नव्हतं.

२. अभिप्रायाच्या कागदावर कार्यक्रम कधीच नापास होत नाही.

कार्यक्रम संपला की मुली लिहून देतात, "खूप छान माहिती मिळाली, आत्मविश्वास वाढला." खोटं नसतं ते. चहा-बिस्किट दिलेल्या, नावानं हाक मारणाऱ्या ताईला कोण वाईट म्हणेल? पण त्यावर भरवसा का ठेवू नये, हे अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगातून कळतं. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल इथे १९३९ मध्ये ५०६ मुलगे निवडले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या प्रत्येकाला मार्गदर्शक दिला, घरी भेटी, शिकवण्या, उन्हाळी शिबिरं, सगळं काही दिलं. दुसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेनं त्या मुलांना, म्हणजे तोवर मध्यमवयीन झालेल्या बाप्यांना, शोधून काढलं. १९७८ मध्ये तिनं निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश लोक म्हणत होते की आम्हाला फार फायदा झाला. नोंदी मात्र उलट निघाल्या. दारूचं व्यसन, गंभीर आजार, अकाली मृत्यू, अशा बऱ्याच बाबतींत मदत न मिळालेला गटच बरा होता.

ते मुलगे होते, काळ वेगळा, देश वेगळा, कबूल. तरी दोन गोष्टी मी तिथून उचलल्या. आभार हा पुरावा नव्हे. आणि चांगल्या हेतूनं केलेल्या कामातून नुकसानही होऊ शकतं, म्हणून तेही शोधावं लागतं.

३. निकालाची टक्केवारी कोकणात कामाची नाही.

आमच्या एका कार्यकर्त्यानं अहवालात लिहिलं होतं की आपल्या मुलींचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. वाचायला बरं वाटतं. पण कोकण विभागाचा दहावीचा निकाल २०२२ ते २०२५ दरवर्षी ९८ टक्क्यांच्या वरच राहिला, आणि मुली त्यातही पुढे. जिथे सगळ्याच पास होतात, तिथे आपल्या मुली पास झाल्या यात आपला वाटा कसला? इकडे अडतं ते दहावी पास झाल्यावर.

४. शाळेचं कपाट उघडायला लावा.

सगळ्यात खरी माहिती मला मुलाखतींतून मिळाली नाही, ती एका शाळेच्या क्लार्कच्या कपाटात मिळाली. अकरावी असो, आयटीआय असो, डिप्लोमा असो, प्रवेश पक्का करायचा तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. शाळा तो तयार ठेवते, विद्यार्थी येऊन सही करून नेतो. क्लार्कभाऊंना मी सहज विचारलं की न नेलेले दाखले असतात का. त्यांनी खालच्या कप्प्यातून दोरीनं बांधलेला एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. वर्षावर्षाचे दाखले, कडा पिवळ्या पडलेल्या. ज्यांनी दाखला नेला नाही, त्यांनी पुढे कुठेच प्रवेश घेतलेला नाही, इतकं सरळ.

त्या गठ्ठ्यात मुलींचे दाखले वेगळे केले. आमच्या यादीत "कार्यक्रम पूर्ण केला" असा शेरा असलेली नावंही त्यात निघाली. एका मुलीनं तर आमच्या निरोप समारंभात भाषण केलं होतं, नर्स होणार म्हणून. तिचा दाखला तिथेच होता. चौकशी केली तेव्हा कळलं, आजी अंथरुणाला खिळली, आई काजूच्या कारखान्यात जाते, घरी कुणीतरी हवं. तिला माहिती कमी पडली नव्हती. घरात माणूस कमी पडलं होतं. अशा वेळी आमच्या ताईनं आणखी दहा कोर्सची नावं सांगून काय होणार?

तेव्हापासून आमचा पहिला आकडा हाच, दाखला नेला की नाही. दुसरा, पहिल्या वर्षाच्या परीक्षेला बसली की नाही. जनरल रजिस्टर आणि दाखल्यांची नोंदवही प्रत्येक शाळेत असते. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, नावं बाहेर फोडू नका, आणि एक दुपार तिथे बसा.

५. आपण नसतो तर काय झालं असतं, हे विचारल्याशिवाय आकडा बोलू नका.

हा सगळ्यात अवघड भाग, आणि उत्साही मंडळी नेमका हाच टाळतात. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आधी सवलत निम्मी होती. त्यानंतर आपल्या यादीतल्या जास्त मुली फार्मसीला किंवा इंजिनियरिंगला गेल्या, तर श्रेय कुणाचं? ताईचं, की शासन निर्णयाचं? त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२३ पासून, एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याचाही परिणाम आहेच. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट असतो. बारावी झाली की तो थांबतो आणि चिपळूणला रोज जाण्याचा खर्च घराला एकदम जाणवायला लागतो.

म्हणून तुलना लागते. आम्ही दोन तऱ्हांनी केली. एक, त्याच शाळेतल्या आमच्या आधीच्या तुकड्या. दोन, जिथे आम्ही पोचलोच नाही अशा जवळच्या शाळेतल्या त्याच वर्षीच्या मुली. दुसरी तुलना जास्त मोलाची, कारण फीमाफी आणि एसटी दोन्हीकडच्या मुलींना सारखीच लागू. तुलना केल्यावर आमचा फरक बराच आटला. पूर्ण गेला नाही, पण आटला. देणगीदारांना तोच आटलेला आकडा दिला.

६. निवड कुणी केली ते तपासा.

शाळेत जाऊन "मुली द्या" म्हटलं की सर पहिल्या बाकावरच्या मुली देतात. त्या आपल्याशिवायही पुढे गेल्याच असत्या. शिवाय पोफळीत वीज प्रकल्पाच्या वसाहतीतल्या मुली आणि वाडीवरच्या मुली हे दोन वेगळे हिशेब आहेत. वसाहतीत वडील नोकरीत, घरात कुणीतरी डिप्लोमा झालेलं, आणि बदली झाली की मुलगी आमच्या यादीतूनच गायब. डोंगरातल्या धनगरवाड्यावरून येणारी मुलगी शाळेत पोचते तेव्हाच तिचा निम्मा दिवस गेलेला असतो. दोघींची सरासरी काढली की दोघींचंही खरं झाकलं जातं. आमच्याकडे वसाहतीतल्या मुलींमध्ये फरक जवळजवळ शून्य होता. वाडीवरच्या मुलींमध्ये दिसत होता, पण तिथे आमच्या ताया सगळ्यात कमी वेळा गेल्या होत्या. या एका ओळीवरून आम्ही पुढच्या वर्षीच्या भेटी बदलल्या.

७. मागोवा घ्यायचा तर गणपतीत घ्या.

फोनवर पाहणी करायचा प्रयत्न करून बघा. नंबर बंद, नाहीतर तो आता भावाकडे. मुलगी विरारला मावशीकडे, नाहीतर लग्न होऊन पनवेलला. पण गणपतीला आणि शिमग्याला सगळं कोकण घरी येतं. गौरी-विसर्जनाच्या आधीचे दोन-तीन दिवस घरोघर फिरलं की वर्षभरात न सापडलेल्या मुली पडवीत बसून मोदकाची उकड मळताना सापडतात. दुपारी जायचं, आरतीच्या वेळी नाही. हातात फॉर्म धरायचा नाही, गप्पा मारायच्या आणि बाहेर पडून लिहायचं.

यात आणखी एक गोष्ट उघडी पडली. मुलीच्या शिक्षणाचा निर्णय पुष्कळ घरांत पोफळीत होतच नाही. तो डोंबिवलीतला किंवा नालासोपाऱ्यातला काका फोनवरून घेतो. एका आईनं मला स्पष्ट सांगितलं, "ताई, तुमचं पटतं हो, पण भावोजींना विचारल्याशिवाय कसं? फी तेच भरणार." त्या भावोजींना आम्ही कधी भेटलोच नव्हतो. मग एका गणपतीत शाळेच्या व्हरांड्यात चाकरमानी काका-मामांचीच बैठक ठेवली. तोवर कोणत्याच पालकसभेला एवढे पुरुष आले नव्हते. प्रश्नही नेमके: हॉस्टेल कुठे, महिन्याला किती, नोकरी लागेल का.

८. "कलेक्टर होणार" हे उत्तर नोंदवा, पण त्यावर खूश होऊ नका.

आठवीत निम्म्या मुली कलेक्टर किंवा पोलीस होणार असतात. स्वप्न मोठं झालं हे यश मानलं तर कार्यक्रम पहिल्याच दिवशी यशस्वी. स्वप्नांना किंमत नाही असं नव्हे. पश्चिम बंगालमध्ये ज्या गावांत राखीव जागेमुळे सलग दोनदा बाई ग्रामपंचायतीची प्रधान झाली, तिथे मुली आणि मुलगे यांच्या आकांक्षांमधलं अंतर कमी झालं, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञ एस्तेर ड्युफ्लो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. तिथे मुलींचा शिक्षणातला मागासपणाही भरून निघाला आणि घरकामाचे तास घटले. स्वप्नाबरोबर हे दोन्ही हललं, म्हणून तो अभ्यास वजनदार.

आम्ही प्रश्न बदलला. काय होणार हे विचारणं सोडलं आणि त्यासाठी कोणती परीक्षा, कुठलं कॉलेज, वर्षाचा खर्च किती, शेवटची तारीख कधी, हे विचारू लागलो. एआयसीटीईच्या प्रगती शिष्यवृत्तीतून पदविका-पदवीच्या मुलींना वर्षाला पन्नास हजार मिळू शकतात, हे माहीत आहे का? वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तेच प्रश्न विचारले की फरक दिसतो. एक मुलगी डॉक्टर होणार म्हणत होती. नीटचा अभ्यास, क्लासची फी आणि स्वतःचे भौतिकशास्त्राचे गुण समोर मांडल्यावर तिनं लॅब टेक्निशियनचा कोर्स निवडला. अहवालात हे "स्वप्न सोडलं" असं लिहायचं का? मी "विचार करून निर्णय" असा वेगळा रकाना केला. काहींना तो पळवाटेसारखा वाटतो. वाटू दे.

९. कागदपत्रं हाच निम्मा सल्ला.

महर्षी कर्वे तरुणपणी परीक्षा द्यायला दापोली तालुक्यातल्या मुरुडहून पायी निघाले आणि आमच्या या कुंभार्ली घाटानं साताऱ्याला पोचले. तिथे त्यांना, वयानं लहान दिसतोस म्हणून, बसूच दिलं नाही. आज त्या अडवणाऱ्यांच्या जागी पोर्टल आहे. जात पडताळणी आलेली नाही, नॉन-क्रिमीलेयरची मुदत संपली, उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव चुकलं, आणि प्रवेशाची फेरी हातची जाते. आमच्या तायांमध्ये फरक कुणामुळे पडला ते मुलींना विचारलं. प्रेरणादायी बोलणाऱ्या ताईंची नावं कमी आली. सेतू कार्यालयात रांगेत उभी राहिलेली, फॉर्म भरताना शेजारी बसलेली एक मितभाषी ताई, तिचं नाव पुन्हापुन्हा आलं.

१०. खर्चही लिहा.

एका मुलीमागे किती रुपये, ताईचे किती तास. हे न लिहिता परिणाम सांगणं म्हणजे अर्धाच हिशेब.

आता एक विनंती. तुमच्या गावात असं काही चालू असेल तर पहिल्या दिवशीच मुलीचं नाव, आईचा नंबर, आणि मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर लिहून घ्या, मुलीला आणि आईला विचारून. वहीची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आमच्या पहिल्या वर्षांची रजिस्टरं चिपळूण बाजारपेठेतल्या एका घरात होती. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांचा लगदा झाला. त्या तुकडीतल्या मुलींचं पुढे काय झालं, ते आता नीट सांगता येत नाही.