आप्पा बळवंत चौक आणि पानिपत

पुण्याच्या बुधवार पेठेत आप्पा बळवंत चौक आहे. शाळेची पुस्तके घ्यायला तेथे मुलांची नेहमी गर्दी असते. हे आप्पा म्हणजे पेशव्यांचे सरदार आप्पा बळवंत मेहेंदळे. त्यांचे वडील बळवंतराव ७ डिसेंबर १७६० रोजी पानिपतच्या एका चकमकीत गोळी लागून पडले. मोठी लढाई व्हायला अजून महिन्याहून अधिक काळ होता.

या काळात दोन्ही फौजा समोरासमोर तळ देऊन बसल्या होत्या. अहमदशहा अब्दालीने ऑक्टोबरमध्ये बागपतजवळ यमुना ओलांडून मराठ्यांची दिल्लीची वाट अडवली होती. 'रसद' हा शब्द तुम्हाला उर्दूतून ठाऊक आहे. ती रसदच तुटली. छावणीत माणसे आणि जनावरे उपाशी राहू लागली.

म्हणून सदाशिवरावभाऊंनी तहाची बोलणी चालवली. अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूला होता. पण तह व्हावा असे त्यालाही वाटे. त्याच्या पदरी काशीराज नावाचा दक्षिणी पंडित होता. भाऊंचे निरोप त्याच्यामार्फत जात. नजीबखान रोहिल्याने मात्र तह होऊ दिला नाही. अब्दाली परत गेला की मराठे आपल्याला सोडणार नाहीत, अशी त्याला भीती होती. ती खोटीही नव्हती!

अखेर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे उपाशीपोटी लढायला निघाले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि पलटणींनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. पण दुपारनंतर विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाई फिरली. इब्राहिमखान शत्रूच्या हाती सापडला व मारला गेला.

काशीराजने ही सारी हकिकत पुढे फारसीत लिहिली. पानिपतचा अभ्यास करणारे ती आजही वाचतात.