मोहिमा अनेक, रविवार एकच

प्रश्न : हिंडलग्यातील एका वाचकाला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या भूमिका-खेळांचे वेड आहे. गडावरची, समुद्रावरची, अंतराळातली अशा कितीतरी मोहिमा वहीत तयार आहेत. मित्र मात्र नोकरीधंद्यामुळे महिन्यातून एखाद्या रविवारीच जमतात. आधी काय खेळावे?

उत्तर : प्रत्येक कल्पनेला स्वतंत्र मोहीम हवी, हा आग्रह आधी सोडावा. डेव्ह आर्नेसनसह १९७४ मध्ये हा खेळ प्रसिद्ध करणाऱ्या गॅरी गायगॅक्सनेही तो धरला नाही. त्याच्या ‘एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स’ या खेळकथेत (१९८०) तलवारधारी वीर डोंगरात शिरतात आणि पाहतात तर काय, कोसळलेले अंतराळयान! विज्ञानकथेची हौस त्याने आपल्या चालू जगातल्या एका डोंगरातच भागवली.

हेच येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पोटात का होऊ नये? मुख्य मोहीम गडाची. अंतराळाची कल्पना तिच्यातलेच एक भुयार.

जी कल्पना अशी मुरत नाही, तिची एका बैठकीत संपणारी गोष्ट करावी. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकात १९६३ पासून महाविद्यालयीन मुले एकांकिका करतात. तीन अंकांचा पसारा नसतो, तरी नाट्य पुरेपूर असते. भूमिका-खेळातही तयार पात्रे, एकच संकट आणि ठरलेली वेळ एवढे पुरते.

निवड मात्र एकट्याने करू नये. वहीतल्या तीन कल्पना दोन-दोन ओळींत मित्रांना पाठवाव्यात. ज्या कल्पनेवर त्यांचे प्रश्न सर्वाधिक येतील, तीच पुढच्या रविवारी खेळायला घ्यावी.