मुलीला एड्सच्या संशोधनाला पाठवावे का?

आपल्या तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता परळच्या एका संशोधन संस्थेत एच.आय.व्ही. या विषयावर पीएच.डी. करायची म्हणते. वडील विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, यात तिच्या जिवाला धोका नाही ना? आणि उद्या स्थळ घेऊन येणाऱ्यांना आम्ही काय सांगायचे?’ पत्राखाली सही आहे, पण नाव छापू नये अशी विनंती आहे. या रोगाच्या नुसत्या नावालाही आपण किती भितो, हे त्या विनंतीवरून कळते. म्हणून उत्तर त्यांच्यापुरते न ठेवता सर्वांसाठी लिहीत आहे.

पहिला शोध विद्यार्थिनीच्या हातून

भारतात एच.आय.व्ही. आहे हे प्रथम सिद्ध झाले ते १९८६ साली, आणि तेही एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून. डॉ. सेल्लप्पन निर्मला तेव्हा मद्रास मेडिकल कॉलेजात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. वय बत्तीस, पदरात दोन लहान मुले. त्यांच्या मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन. या मद्रासमध्ये वाढलेल्या, पण मराठी घरातल्या, माहेरच्या गायतोंडे. हा रोग आपल्या देशात नाहीच, असे त्या वेळी बहुतेक जण मानत होते. निर्मलाबाईंनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे सुमारे ऐंशी नमुने गोळा केले, आणि तेही हातमोज्यांशिवाय. नमुने त्यांनी घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. जाण्यायेण्यासाठी पतीची स्कूटर होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासणी झाली, तेव्हा सहा नमुन्यांत संसर्ग निघाला. त्यानंतर देश जागा झाला. निर्मलाबाईंनी १९८७ साली प्रबंध सादर केला.

धोका किती?

आता वडिलांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. एच.आय.व्ही. पसरण्याचे मार्ग ठरलेले आहेत. असुरक्षित शरीरसंबंध, संसर्ग असलेले रक्त, दूषित सुई, आणि आईकडून बाळाला गरोदरपणी, बाळंतपणात किंवा दुधातून. एका ताटात जेवल्याने, एकाच संडासाचा वापर केल्याने, डास चावल्याने किंवा शेजारी बसून काम केल्याने तो होत नाही.

प्रयोगशाळेत खरी भीती सुई टोचण्याची असते. संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचली आणि काहीच उपाय केला नाही, तरी संसर्ग होण्याची शक्यता साधारण हजारात तीन असते. लगेच औषध सुरू केले तर ती आणखी पुष्कळ कमी होते. हे औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा बहात्तर तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. शिवाय आज हातमोजे, ठरावीक हवा खेळणारी बंदिस्त कपाटे आणि सुया टाकण्याचे वेगळे डबे असतात. निर्मलाबाईंपेक्षा आजची विद्यार्थिनी कितीतरी सुरक्षित आहे. मुलीने रुजू होण्यापूर्वी संस्थेला तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: सुरक्षेचे प्रशिक्षण कोण देणार, सुई टोचल्यास औषध कोठे मिळणार, आणि कावीळ-बी ची लस दिली जाते का? कारण सुईतून कावीळ-बी होण्याची शक्यता एच.आय.व्ही.पेक्षा बरीच जास्त असते.

परळमध्ये कोण काय शिकते?

मी स्वतः परळला शिकलो. दादरला उतरून चालत निघाले की रुग्णालये आणि संशोधन संस्था एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर लागतात. पलीकडे लालबागच्या गिरण्या. प्लेगच्या साथीत, १० जानेवारी १८९७ रोजी, स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेणारे डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. साथीच्या रोगांचा अभ्यास परळला नवा नाही.

के.ई.एम.सारख्या रुग्णालयात एम.डी. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात छातीचे रोग शिकणाऱ्याला टी.बी. आणि एच.आय.व्ही. हातात हात घालून आलेले दिसतात. प्रतिकारशक्ती घटली की शरीरात दबून असलेला टी.बी. उसळतो. टाटा रुग्णालयात कर्करोग शिकणाऱ्यापुढे वेगळा प्रश्न असतो. एच.आय.व्ही. असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. मग तिची तपासणी केव्हा आणि किती वेळा करायची?

परळलाच राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. विषाणू पेशीत शिरतो तो बहुधा सीडी-४ नावाच्या दारातून. पण शुक्रजंतूवर हे दार नसते, मग विषाणू त्याला चिकटतो कसा? तेथे चिकटायला त्याला मॅनोज रिसेप्टर नावाची दुसरी जागा सापडते, असे या संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. दार कोणते ते कळले, तरच कुलूप बनवता येते. आपल्या वाचकांची मुलगी करील ते काम साधारण याच जातीचे असेल.

जे सूक्ष्मदर्शकात दिसत नाही

१९९४-९५ च्या सुमारास मी ज्या रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो, तेथे आपल्या भागातील एक रुग्ण दाखल होता. त्याची खाट व्हरांड्याकडेला लावलेली, जेवणाचे ताट दाराशी ठेवून वॉर्डबॉय निघून जाई. आमच्या हाती टी.बी.ची औषधे होती, एच.आय.व्ही.वरची परवडणारी औषधे नव्हती. मी खोकल्याचे दिवस विचारले, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने रक्त नेले. मग समाजकार्य शिकणारी एक मुलगी आली. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, ‘काका, घरी कळलं तर सगळ्यात आधी काय होईल असं वाटतं?’ तो म्हणाला, ‘पोराला शाळेतनं काढतील.’ बोलता बोलता कळले, की त्याने बायकोला काहीच सांगितले नव्हते. म्हणजे तिची तपासणीही झालेली नव्हती. आमच्या केसपेपरवर ही गोष्ट कुठेच नव्हती.

न्यू मरीन लाइन्सचे निर्मला निकेतन किंवा देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था येथील विद्यार्थी समाजकार्य शिकतात ते असे, माणसांत जाऊन.

कायद्याच्या विद्यार्थ्याचेही येथे काम आहे. एका सरकारी उपक्रमाने धडधाकट रोजंदारी कामगाराला केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून कायम नोकरी नाकारली. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. कामगाराचे नाव उघड होऊ न देता खटला चालला. पुढे २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. नोकरी, शाळा, उपचार यांत भेदभाव करणे आणि संमतीशिवाय चाचणी करणे आता कायद्याने मना आहे. त्या रुग्णाच्या मुलाला आज शाळेतून काढता येणार नाही.

संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना आपण विसरतो. भारतात ५० लाखांहून अधिक रुग्ण आहेत असा अंदाज २००६ पर्यंत होता. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक लाखाहून अधिक सर्वसाधारण स्त्री-पुरुषांचे रक्त तपासले गेले. देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था या पाहणीची सूत्रे सांभाळत होती. त्यामुळे २००७ मध्ये अंदाज सुमारे २५ लाखांवर आला. रुग्ण बरे होऊन आकडा घटला नव्हता, तर मोजणी सुधारली होती. औषध किती मागवायचे हे अशाच आकड्यांवर ठरते.

एकट्या डॉक्टरला हा रोग आवरता येत नाही, म्हणून इतक्या विषयांची मुले त्याच्यामागे लागली आहेत.

स्थळाचे काय?

दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे. मुलगी काय करते ते खरे तेच सांगावे. टी.बी.वर काम करणाऱ्या डॉक्टरला टी.बी.चा रोगी कोणी समजत नाही, मग एच.आय.व्ही.वर काम करणाऱ्या मुलीकडे तसे का पाहावे? येणाऱ्या पाहुण्यांना हा लेख वाचायला दिला तरी माझी हरकत नाही. मुलीला जरूर पाठवा.

वाचकांनी लक्षात ठेवावे

१) सरकारी रुग्णालयात एच.आय.व्ही.ची तपासणी मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. संसर्गानंतर काही आठवडे तो तपासणीत दिसत नाही. शंका असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

२) १ एप्रिल २००४ पासून सरकारतर्फे मोफत औषधे मिळू लागली. सुरुवातीच्या आठ केंद्रांत मुंबईचे जे.जे. रुग्णालय होते. आता जिल्ह्याच्या ठिकाणीही उपचार मिळतो. औषध जन्मभर आणि रोज घ्यावे लागते.

३) नियमित औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत दिसू नये इतके कमी झाले व तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. २०११ मध्ये जाहीर झालेल्या ज्या मोठ्या अभ्यासाने उपचारामुळे जोडीदाराचा धोका ९६ टक्के घटल्याचे दाखवले, त्यात पुण्यातील जोडपीही होती.

४) गरोदर स्त्रीची तपासणी लवकर करा. उपचाराविना १५ ते ४५ टक्के बाळांना संसर्ग होऊ शकतो. उपचाराने हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणता येते.

५) १०९७ या क्रमांकावर मोफत माहिती मिळते. शंका मनात ठेवून झुरण्यापेक्षा एक फोन करावा.