उपग्रहाचा नकाशा आणि गावाचे पाणी

जमिनीला स्पर्श न करता तिची माहिती मिळविणे म्हणजे दूरसंवेदन होय. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकते. पाणी मात्र ते किरण शोषते. या फरकावरूनच उपग्रहाच्या चित्रात पीक, पडीक रान आणि तळे वेगवेगळे ओळखता येतात.

आयआरएस मालिकेतील पहिला भारतीय उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातील एकेक ठिपका ७२.५ मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे १.३ एकराचा होता. आमचे सारे रान एका ठिपक्यात मावले असते! २००५ मधील कार्टोसॅट-१ ने हा ठिपका २.५ मीटरवर आणला.

जमिनीच्या उंचीच्या आकड्यांवरून संगणक उतार, ओढे व पाणलोटाची सीमा काढतो. त्यावरून समतल चर कोठे खणावेत आणि बंधारा कोठे बांधावा, याचा अंदाज येतो. परंतु छायाचित्राला भूगर्भ दिसत नाही. महाराष्ट्रातील बराच भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी भेगांमध्ये व झिजलेल्या थरांत साठते. कोणती विहीर माघातच तळ गाठते, हे शाळेची पायरी न चढलेले माझे वडील अचूक सांगतात.

म्हणून नकाशा कचेरीच्या कपाटात न राहता ग्रामसभेत उलगडला पाहिजे. ज्यांची विहीर आटते, त्यांचा शब्द त्यावर उमटला पाहिजे. तो नकाशा त्यांना वाचून दाखविणे, हे आपणा शिकलेल्या मुलामुलींचे काम आहे.