आपल्या हाताचे पत्र



पोस्टकार्डावर पत्ता कसा लिहावा, हे आपण शिकलो. आता पत्राचीच एक गोष्ट वाचू. ही गोष्ट लढाईवर गेलेल्या जवानांच्या पत्रांची आहे. तशीच ती घरी वाट पाहणाऱ्या माणसांचीही आहे.

हिंगोलीहून वाशिमला जाताना कनेरगाव नाका लागतो. जवळून पैनगंगा वाहते. पूर्वी येथे दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य होते. पलीकडे वऱ्हाड होता आणि तेथे इंग्रजांचा अंमल होता. निजामाच्या राज्याचे टपालही वेगळे होते. त्याची तिकिटे वेगळी होती. ती तिकिटे राज्याबाहेर चालत नसत. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. घरी मराठी आणि कचेरीत उर्दू, अशी गोरगरिबांची दुहेरी अडचण होती. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १९५० साली टपालही एक झाले.

आता शंभर वर्षांपूर्वीची कल्पना करा. समजा, आपल्या भागातला एक तरुण पलटणीत गेला. पलटण बोटीने समुद्रापार लढाईला गेली. तिकडून त्याचे पत्र घरी कसे येई?

चार हात

त्या काळी लिहिता-वाचता येणारी माणसे फार थोडी. १९११ सालच्या शिरगणतीत आपल्या देशात शंभरात सहाच माणसे साक्षर निघाली. बायकांत तर शंभरात एक. जवान बहुतेक शेतकऱ्यांची मुले. त्यांतल्या पुष्कळांना अक्षर येत नसे.

मग जवान काय करी? पलटणीतला जो कोणी शिकलेला असेल त्याच्याकडे जाई. म्हणे, “भाऊ, एवढं माझ्या घरी लिहून दे.” हा झाला पहिला हात.

लिहिलेले पत्र तपासायला जाई. आपली पलटण कोठे आहे, किती माणसे पडली, हे शत्रूला कळू नये म्हणून सरकार पत्रे उघडून पाही. जवानांच्या मनात काय चालले आहे, तेही सरकारला जाणून घ्यायचे असे. अशा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला सेन्सॉर म्हणतात. हा दुसरा हात.

पुढे पत्र बोटीने, आगगाडीने, मग पायी गावात येई. ते आणणारा डाकवाला हा तिसरा हात.

गावात आले तरी घरच्यांना ते वाचता येत नसे. मास्तर, कुलकर्णी किंवा दुकानदार ते वाचून दाखवी. हा चौथा हात.

आईच्या हातात पत्र सर्वांत शेवटी येई. ते उलटे धरले की सुलटे, हेही त्या माउलीला कळत नसे. ती ते कपाळाला लावी आणि फडक्यात बांधून ठेवी.

आता सांगा, ज्या पत्राला चार परके हात लागणार, त्यात माणूस मनातले काय लिहिणार? बायकोसाठी एक शब्द लिहावा, तर तो चावडीवर वाचला जाणार. मग एवढेच लिहिले जाई : “येथील सर्व क्षेम. तेथील खुशाली कळवावी.” घरूनही तेच उत्तर जाई. बैल मेला, कर्ज झाले, म्हातारा अंथरुणाला खिळला, तरी पत्रात आपले सर्व क्षेम.

काळे मिरे आणि लाल मिरची

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्या युद्धात आपल्या देशातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. १९१४ च्या सप्टेंबरात आपले सैन्य फ्रान्समध्ये उतरले. तेथील थंडी कडक. खंदकांत गुडघाभर चिखल. अशा ठिकाणाहून जवान घरी पत्रे धाडत. १९१५ च्या आरंभी फ्रान्समधल्या हिंदी जवानांची आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे निघत.

आपल्या हिंगोलीचाही या युद्धाशी संबंध आहे. हिंगोलीला पूर्वी लष्कराची छावणी होती. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज तेथे राही. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली. तिच्या घोडदळातून डेक्कन हॉर्स हा रिसाला झाला. तो रिसाला फ्रान्सला गेला. १४ जुलै १९१६ रोजी त्याचे स्वार भाले घेऊन शत्रूवर चालून गेले. शत्रूपाशी तोफा आणि मशीनगनी होत्या.

पत्रे तपासली जातात, हे जवानांना ठाऊक झाले होते. मग त्यांनी युक्ती काढली. हिंदी शिपायांना ते ‘काळे मिरे’ म्हणत आणि गोऱ्या शिपायांना ‘लाल मिरची’. काळे मिरे संपत आले, असे कोणी लिहिले, तर त्याचा अर्थ काय? आपली माणसे फार मेली, असा. वाचणाऱ्याला वाटावे मसाल्याचा हिशेब आहे, आणि घरच्यांनी ओळखावे की धाकट्या भावाला भरती होऊ देऊ नये. पण तपासणारे अधिकारीही हुशार होते. त्यांनी पुष्कळ युक्त्या ओळखल्या आणि आपल्या अहवालांत लिहून ठेवल्या.

यात एक नवल पाहा. जी पत्रे घरी पोहोचली, त्यांतली बहुतेक वाळवीने खाल्ली, पावसात भिजली, चुलीत गेली. तपासणाऱ्यांनी काही पत्रांतला मजकूर इंग्रजीत उतरवून घेतला होता. तेवढा आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेला आहे. म्हणजे मुलाने आईला सांगितलेली गोष्ट आईच्या घरी उरली नाही. ती परक्याच्या दप्तरात उरली, आणि तीही परक्या भाषेत.

जवानांनी काय पाहिले?

त्या पत्रांत नुसती लढाई नव्हती. जवानांनी फ्रान्समधली गावे पाहिली. तेथील शेतकऱ्यांच्या बायका वाचतात, लिहितात, घरचा हिशेब ठेवतात, मुली शाळेत जातात, हे पाहिले. काहींनी घरी कळवले की, आपल्याही मुलींना शिकवा. स्वतःचे पत्र दुसऱ्याकडून लिहून घेणारा माणूस हे कळवत होता, हे ध्यानात घ्या. शिक्षणाची किंमत त्याला कोणी भाषण करून सांगितली नव्हती. ती त्याला गरजेनेच कळली.

पत्र येत नाही तेव्हा

पत्र आले की घर हसते. पत्र आले नाही, तर घराचा जीव टांगणीला लागतो.

मराठा पलटणी त्या युद्धात इराककडे लढत होत्या. तो भाग तेव्हा मेसोपोटेमिया म्हणून ओळखला जाई. तेथे कूत नावाचे गाव आहे. १९१५ च्या डिसेंबरात तुर्की सैन्याने या गावाला वेढा घातला. आत अडकलेल्या फौजेत ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणीही होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपले. घोडे मारून खाण्याची पाळी आली. शेवटी २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांतली पुष्कळ माणसे वाटेत आणि कैदेत मेली.

या पाच महिन्यांत नेहमीचे टपाल थांबलेले. इकडे सातारा, रत्नागिरीच्या खेड्यांत बायका डाकवाल्याची वाट पाहत. तो दिसला की पुढे धावत. त्याने मान हलवली की परत फिरत. कोणाला विचारावे? अर्ज कोणाकडे करावा? नवऱ्याचा नंबर काय, पलटण कोणती, हेही कित्येकींना सांगता येत नसेल. नंबर जुन्या पत्रावर असला तरी तो वाचायचा कोणी?

म्हणून आम्ही म्हणतो, अक्षर हे नुसते शोभेचे नाही. अडल्या वेळी ते आधाराची काठी आहे.

सैनिकांचे टपाल

जवान कोठेही असो, त्याचे पत्र त्याला मिळावे म्हणून सैन्याचे वेगळे टपाल असते. आपल्या देशातले असे पहिले फिरते डाकघर १८५६ साली फौजेबरोबर इराणला गेले होते. पुढे दोन्ही महायुद्धांत या टपालाने मोठे काम केले. स्वतंत्र भारतात १ मार्च १९७२ पासून सैनिकी डाकसेवा हे सैन्याचे वेगळे दल झाले. त्याचे केंद्र आपल्याच राज्यात, नागपूरजवळ कामठीला आहे.

जवानाच्या पत्त्यात गावाचे नाव नसते. त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहायची. त्याखाली ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ असे लिहायचे. एपीओ म्हणजे सैनिकी डाकघर. शेवटी पिनकोड लिहायचा. सैनिकी डाकघराचा पिनकोड ९ या आकड्याने सुरू होतो. जवानाने कळवला असेल तसाच पत्ता उतरवावा. त्यात आपल्या मनाने भर घालू नये. जवान कोणत्या डोंगरावर आहे, हे पत्त्यावरून परक्याला कळत नाही. टपालवाल्यांना मात्र बरोबर कळते.

एका आईचे पत्र

आता एक नमुन्याचे पत्र वाचू. समजा, कनेरगाव नाक्याची एक आई साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागली. तिने पहिल्यांदा आपल्या हाताने मुलाला पत्र लिहिले. ते असे असेल :

॥ श्री ॥

मु. कनेरगाव नाका

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, हे पत्र मी माझ्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे. हसू नको.

मागल्या पत्रात सर्व क्षेम म्हणून लिहिले होते. ते खरे नव्हते. तुझे वडील पंधरा दिवस तापाने निजून होते. लिहून देणारा शेजारचा होता. दवाखान्याला पैसे उसने घेतले, हे त्याच्यापुढे सांगवेना. म्हणून बोलले नाही. आता ते हिंडतात, फिरतात. उसने पैसे हळद विकल्यावर फेडले. तू काळजी करू नको.

तुझी बायको तुझ्यासंगं बोलायचं म्हणते. मी तिला सांगितले, मी कशाला लिहू? तूच शीक आणि तूच लिही. तिने अर्धी बाराखडी केली आहे. पुढले पत्र तिचे येईल. ते मी वाचणार नाही.

पैनगंगेला पाणी चांगले आहे. तू जेवण वेळेवर कर. खरे काय ते लिहीत जा. बरे नसले तर बरे नाही असेच लिही. आता वाचणारी मीच आहे.

कळावे. हे आशीर्वाद.

तुझी आई

या पत्रात अवघड शब्द एकही नाही. पण चार परक्या हातांतून गेलेल्या पत्रात जे कधी आले नसते, ते यात आले आहे. ते म्हणजे खरे बोलणे. आणि सून काय लिहील ते सासू वाचणार नाही. एवढी आब घराला अक्षरामुळे आली.

आज पत्राचे काय काम?

कोणी म्हणेल, “आता मोबाइल आहे. पत्र कशाला?” खरे आहे. आज जवान घरी फोन करतो. तारही बंद झाली. २०१३ च्या जुलैत आपल्या देशातली तारसेवा थांबली. दारात तार आली की बायका आधी रडायला लागत, तो काळ गेला.

पण काही गोष्टी तशाच आहेत. फोनवरचे बोलणे हवेत विरते. पत्र पेटीत राहते आणि पुन्हा वाचता येते. शिवाय जवानाच्या नोकरीचे, पगाराचे, पेन्शनचे कागद आजही कागदच आहेत. त्यांवर काय लिहिले आहे हे न वाचता अंगठा उठवणे म्हणजे डोळे मिटून विहिरीत उतरणे होय.

आणखी एक गोष्ट. पूर्वी सरकार पत्रे तपासत असे. आता जपण्याचे काम आपल्याकडे आले आहे. मुलगा कोठे आहे, पलटण केव्हा हलणार, हे फोनवरून दहा जणांना धाडू नये. त्यात आपल्याच मुलाच्या जिवाला धोका असतो.

तेव्हा मंडळी, अक्षर वाकडे असले तरी चालेल. दोनच ओळी असल्या तरी चालतील. पण त्या आपल्या हाताच्या असू द्या.

अवघड शब्द

क्षेम – खुशाली. शिरगणती – देशातल्या माणसांची मोजणी. रिसाला – घोडेस्वारांची पलटण. हुद्दा – नोकरीतली पायरी. आब – मान, इभ्रत.

सांगा पाहू

१. पूर्वी जवानाच्या पत्राला कोणते चार हात लागत?
२. ‘काळे मिरे’ म्हणजे कोण?
३. जवानाच्या पत्त्यात गावाचे नाव का नसते?
४. मागल्या पत्रातली कोणती गोष्ट खरी नव्हती, असे आईने लिहिले? तिने ती आधी का सांगितली नाही?

करून पाहा

१. घरात जुनी पत्रे असतील तर ती शोधा. एक पत्र वर्गात आणा. ज्याचे पत्र असेल त्याची परवानगी आधी घ्या.
२. गावातल्या एखाद्या निवृत्त जवानाला भेटा. लढाईवर असताना घरचे पत्र आले की कसे वाटे, ते विचारा.
३. दूर असलेल्या आपल्या माणसाला पाच ओळींचे पत्र लिहा. त्यात एक तरी गोष्ट अशी लिहा, की जी तुम्ही दुसऱ्याच्या हाताने लिहवली नसती. ते पत्र वर्गात दाखवू नका. पाकिटात घाला, पत्ता लिहा आणि पेटीत टाका.