वातानुकूलन यंत्राचा दोष कसा ओळखावा?



स्मरणिकेसाठी धान्याच्या व्यापारावर चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा मला दरवर्षी होते. यंदा मात्र आपल्या अनुमतीने निराळा विषय घेत आहे. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात लू सुटली म्हणजे दालबाजारातील बहुतेक घरांत वातानुकूलन यंत्र चालू होते आणि त्यातील निम्म्या घरांतून ‘गार होत नाही’ अशी तक्रारही ऐकू येऊ लागते. मी तंत्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला घाऊक व्यापारी आहे. पुढे जे लिहिले आहे, ते नुकसान सोसून आणि नंतर एका जाणत्या कारागिराजवळ बसून शिकलो आहे.

आमचे दुकान खाली व बिऱ्हाड वर. मातोश्रींच्या खोलीत दीड टनाचे, दोन भागांचे यंत्र आहे. 2022 साली थंडावा कमी झाला. कारागीर आला, ‘गॅस संपला’ म्हणाला व भरून गेला. 2023 साली तेच झाले. 2024 च्या मे महिन्याच्या आरंभी पुन्हा तेच. मी तिन्ही वेळा मुकाट्याने पैसे मोजले. पुढे तीन आठवड्यांतच एका रात्री यंत्र चालू असूनही वारा गार येईना. पहाटे मातोश्रींना ग्लानी आली आणि त्यांना इस्पितळात न्यावे लागले. चार दिवसांनी त्या सुखरूप घरी आल्या, हे आमचे भाग्य. पोत्यात पाव किलोची तूट आली तरी ‘माल गेला कोठे?’ असे विचारणाऱ्या मला, तीन वर्षांत एकदाही ‘गॅस गेला कोठे?’ हे विचारावेसे वाटले नाही, याची खंत आजही आहे.

यंत्राचे काम

हे यंत्र थंडी उत्पन्न करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. नळ्यांतून फिरणारा गॅस हा उष्णतेचा हमाल होय. आतील कॉइलमध्ये तो उष्णतेचे ओझे उचलतो, कॉम्प्रेसर त्याला पुढे ढकलतो, आणि बाहेरील कॉइलमध्ये तो ओझे उतरवून पुन्हा आत येतो. वाहतुकीने हमाल नाहीसा होत नाही. त्याचप्रमाणे बंदिस्त नळीतील गॅस वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी छिद्र आहे, असाच त्याचा अर्थ.

यंत्राचा ‘टन’ हे त्याचे वजन नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता त्याच काळात बाहेर नेण्याची शक्ती म्हणजे एक टन.

तपासणीचा क्रम

रोकड जुळत नसली म्हणजे आपण प्रथम साधी बेरीज तपासतो, लगेच मुनिमावर संशय घेत नाही. येथेही सोप्याकडून अवघडाकडे जावे.

पहिली पायरी विजेची. रिमोटवर थंड करण्याची खूण आहे की नुसत्या पंख्याची, हे पाहावे. विजेचा दाब फार उतरला असेल, तर कॉम्प्रेसर बंद पडतो. बंद केलेले यंत्र लगेच चालू केल्यास कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटे थांबून सुरू होतो. तो दोष नव्हे. परंतु विजेची कळ वारंवार पडत असेल, तर ती पुनःपुन्हा वर न करता कारागीर बोलवावा.

दुसरी पायरी हवेची. आतील संचाची जाळी दर पंधरवड्यास काढून साध्या पाण्याने धुवावी व पूर्ण वाळल्यावर बसवावी. जाळी तुंबली की वारा मंद होतो आणि कॉइलवर बर्फ धरतो. बर्फ दिसल्यास तो खरवडू नये; नुसता पंखा चालू ठेवून वितळू द्यावा. धुतलेल्या जाळीनंतरही बर्फ धरला, तर मात्र गॅस कमी असण्याचा संशय घ्यावा. आपल्या व्यवसायात बाहेरील संचावर विशेष लक्ष हवे. कोंडा, भुसा व पोत्यांची धूळ त्याच्या पत्र्यांत बसते आणि हमालाला ओझे उतरविण्यास जागाच उरत नाही.

तिसरी पायरी पाण्याची. आतील संचातून पाणी टपकू लागल्यास बहुधा निचऱ्याची नळी तुंबलेली किंवा वर चढलेली असते.

चौथी पायरी बाहेरील संचाची. साध्या यंत्रात आतून घुमण्याचा आवाज येतो पण पंखा किंवा कॉम्प्रेसर फिरत नाही, तेव्हा कपॅसिटर निकामी झाला असण्याचा पुष्कळ संभव असतो. हा भाग स्वस्त असतो. परंतु वीज तोडल्यावरही त्यात विद्युत्भार साठून राहतो, म्हणून घरातील कोणीही त्यास हात लावू नये. इन्व्हर्टर यंत्र आपला दोष आकड्यांनी वा अक्षरांनी दाखविते. यंत्र बंद करण्यापूर्वी ती खूण लिहून ठेवावी. पाली व मुंग्या आत शिरून विजेच्या पट्टीवर मरतात व पट्टीही जळते. म्हणून भिंतीतील नळीचे भोक लिंपून ठेवावे. त्यात जीवरक्षा आहे आणि यंत्ररक्षाही.

पाचवी व शेवटची पायरी गॅसची. यंत्र पूर्ण जोराने पंधरा मिनिटे चालल्यावर, आत शिरणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेची उष्णता साध्या तापमापकाने मोजावी. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक पडत असेल, तर यंत्र आपले काम करीत आहे. दोष उघड्या दारात, पश्चिमेच्या उन्हात किंवा अपुऱ्या शक्तीच्या यंत्रात शोधावा. फरक फारच कमी असून, बाहेरील संचाच्या बारीक नळीवर हिमकण धरत असतील व जाड नळी कोरडी असेल, तर गॅस कमी असल्याची ती सबळ खूण होय.

कारागिरास काय विचारावे

इस्पितळातून परतल्यावर बोलाविलेल्या वृद्ध कारागिराने गॅसचे नावही काढले नाही. त्याने नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावला. जाड नळीच्या जोडावर बुडबुडे उठले. बाहेरील कॉइलमधून ओंजळभर भुसाही निघाला. त्याने जोड नवा केला, नळीत नायट्रोजनचा दाब भरून गळती नसल्याची खात्री केली, पंपाने नळीतील हवा काढून टाकली आणि मग काट्यावर सिलिंडर ठेवून गॅस भरला. किती भरावयाचा, ते बाहेरील संचाच्या पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेले असते. कोणता भरावयाचा, तेही तेथेच असते. आर-22, आर-410ए व आर-32 हे निरनिराळे गॅस असून एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-32 काही अंशी ज्वलनशीलही आहे; म्हणून हे काम शिकलेल्या हातांनीच व्हावे.

वजनकाट्यावर गॅस भरला जाताना पाहून मला माझीच लाज वाटली. जो नियम मी पन्नास वर्षे दुकानात पाळला, तो घरात विसरलो होतो.

तेव्हापासून यंत्राचीही मी एक वही ठेवली आहे. तारीख, तक्रार, काय सापडले, किती ग्रॅम गॅस भरला व किती रुपये दिले, इतके पाच रकाने पुरतात. त्या जोडानंतर गॅसच्या रकान्यात आजतागायत एकही आकडा पडलेला नाही. आपल्या घरी वृद्ध माणसे, बाळंतिणी, आजारी मंडळी असतील, तर चैत्र लागण्यापूर्वीच ही तपासणी करून घ्यावी, आणि ‘गॅस संपला’ असे कोणी म्हटल्यास, पैसे देण्यापूर्वी ‘तो गेला कोठे?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा, एवढीच नम्र विनंती.